पाच बाइटांचा इतिहास

आपल्या शाळेत कॉम्प्युटरची खोली दुसऱ्या मजल्यावर, चित्रकलेच्या वर्गाला लागून होती. दाराबाहेर चपला काढायच्या, पाय पायपुसण्यावर घासायचे आणि मगच आत जायचे, हा नियम १९९५ च्या बॅचमधल्या कुणीही विसरलेला नसेल. देवळाखालोखाल आपण अनवाणी गेलो ते त्याच खोलीत. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला ‘शाळेतील संगणक शिक्षणाचा इतिहास’ लिहायला सांगितले, तेव्हा मी आधी नाही म्हणालो. नंतर हो म्हणालो, पण एका अटीवर. सगळा इतिहास मी लिहिणार नाही. त्या खोलीत आपण लिहिलेल्या सर्वांत लहान प्रोग्रामचा इतिहास लिहीन. तो प्रोग्राम कॉम्प्युटर पुन्हा सुरू करण्याचा होता आणि फक्त पाच बाइटांचा होता. त्या पाच बाइटांचे एक देणे माझ्याकडे बत्तीस वर्षे बाकी आहे.

सुरुवात आपल्या आधीच्या बॅचपासून करावी लागेल. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि शिक्षण मंत्रालयाने मिळून ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला. देशातल्या सुमारे अडीचशे शाळांना त्यातून पहिल्यांदा कॉम्प्युटर मिळाले. ते ब्रिटनमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे ‘बीबीसी मायक्रो’ होते. कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकाच खोक्यात, त्यावर ठिपक्यांचे घुबड, आणि आत ३२ किलोबाइट मेमरी. आपण आठवीत गेलो तेव्हा त्यांतले दोन चालू होते आणि बाकीचे लोखंडी कपाटात होते.

त्या कीबोर्डावर ‘ब्रेक’ नावाची एक कळ होती. ती दाबली की मशीन टुंग करून पहिल्यापासून सुरू व्हायचे. लिहिता लिहिता चुकून बोट लागले की पडद्यावरचा सगळा प्रोग्राम नाहीसा. पहिल्या आठवड्यात अर्धा वर्ग त्या कळीपायी रडकुंडीला आला होता. मग सरांनी फळ्यावर तीन इंग्रजी अक्षरे लिहिली : ‘ओल्ड’. ब्रेक दाबल्यावर मेमरीतला प्रोग्राम पुसला जात नसे, मशीन फक्त त्याचा पत्ता विसरत असे. मध्ये काही नवे लिहिले नसेल, तर ‘ओल्ड’ टाइप केल्यावर जुना प्रोग्राम जसाच्या तसा परत येई. पुढे सरांनी ब्रेकच्या कळीलाच ‘ओल्ड’ हा शब्द जोडून दिला, म्हणजे कळ दाबली तरी प्रोग्राम आपोआप परत यायचा. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करण्याबद्दलचा पहिला धडा आपण असा शिकलो. पुन्हा सुरू होणे ही एक गोष्ट आणि सगळे पुसले जाणे ही वेगळी गोष्ट.

दुसरा धडाही त्याच मशीनचा. ‘कॉल’, मग उद्गारचिन्ह, मग ‘उणे चार’ एवढेच बेसिकमध्ये लिहिले की ब्रेक न दाबताही मशीन पुन्हा सुरू होई. आम्हाला तो मंत्र वाटायचा. सरांनी त्याचा अर्थ उलगडून सांगितला. बीबीसी मायक्रोच्या ६५०२ प्रोसेसरला ६४ किलोबाइटांची घरे दिसतात. वीज आली की तो प्रोसेसर अगदी शेवटाकडच्या ठरावीक दोन घरांत डोकावतो आणि तिथे लिहिलेल्या पत्त्यावर जाऊन काम सुरू करतो. ती घरे शेवटून चौथी आणि तिसरी, म्हणून उणे चार. ‘‘उठल्यावर पहिल्यांदा कुठे जायचे, हे याच्या उशाशी लिहून ठेवलंय,’’ असे सर म्हणाले होते.

१९९३ च्या उन्हाळ्यात शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने ‘३८६’ जातीचा पीसी भेट दिला. त्यात हार्ड डिस्क होती आणि एमएस-डॉसची ६.० ही आवृत्ती होती. ती आवृत्ती त्याच वर्षी मार्चमध्ये बाजारात आली होती. आपल्या तालुक्यात इतके ताजे काही क्वचितच येत असे, त्यामुळे त्या मशीनवर फुलांचा हार घातलेला फोटो अजून मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे.

या पीसीचे मूळ कूळ आयबीएमचे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात बोका रेटन नावाचे गाव आहे, तिथे तो घडला. त्या मशीनला रीसेटचे बटण नव्हते. उजव्या बाजूला मागे एक मोठा लाल खटका होता, तेवढाच. प्रोग्राम अडकला की तो खटका बंद करायचा, थोडा वेळ थांबायचे, पुन्हा चालू करायचा, आणि मशीन मेमरीचे एकेक घर तपासत बसे ते पाहत राहायचे. मशीन बनवणाऱ्या मंडळींचे प्रोग्राम तर दिवसातून कित्येकदा अडकत. त्यांच्यातले एक इंजिनीअर डेव्हिड ब्रॅडली यांनी यावर तोड काढली. तीन कळा एकदम दाबल्या की मशीन पुन्हा सुरू व्हावे आणि मेमरीची लांबलचक तपासणी टळावी. आधी त्यांनी कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप या कळा निवडल्या होत्या. पण त्या तिन्ही डाव्या हाताशी होत्या, चुकून दाबल्या जाण्याची भीती होती. म्हणून एस्केपऐवजी डिलीट आली. आता दोन हात लागणार, म्हणजे माणूस ते ठरवूनच करणार. ही सोय बाहेरच्या लोकांसाठी नव्हतीच, ती घरातल्यांसाठी होती. पण ती बाहेर फुटली आणि जगभर झाली. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीमध्ये तर आत शिरण्यासाठीच या तीन कळा दाबाव्या लागत. पीसीला वीस वर्षे झाली त्या समारंभात बिल गेट्स शेजारी बसलेले असताना ब्रॅडली गमतीने म्हणाले होते की शोध माझा असेल, पण त्याला प्रसिद्धी दिली ती यांनी.

आपल्या नव्या पीसीवर दिवसातून आठ-दहा वेळा पुन्हा सुरू करण्याची वेळ येई. त्याचे कारण देवनागरी. निकालपत्रकावर मुलांची नावे मराठीत हवीत, हा मुख्याध्यापकांचा आग्रह होता. त्यासाठी एक प्रोग्राम आधी चालवावा लागे आणि तो काम संपले तरी मेमरीत ठाण मांडून बसे. डॉसच्या प्रोग्रामना हक्काची मेमरी ६४० किलोबाइट. त्यातला मोठा वाटा याने अडवला की दुसरे काही चालत नसे. मग कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. बाईंना त्या तीन कळा एकदम दाबणे जमत नसे. एक कळ सुटायची, दुसरी आधी दाबली जायची. त्या मला हाक मारायच्या. वर्गातून उठून जायला मिळते म्हणून मला त्याचा अभिमान होता.

मग मी ठरवले की एका शब्दावर मशीन पुन्हा सुरू होईल असे काहीतरी करायचे. सरांच्या टेबलावर असेंब्ली भाषेचे एक पुस्तक होते. त्यातून कळले की पीसीचाही उशाशी ठेवलेला पत्ता असतो. ८०८८ प्रोसेसरला वीस पत्ता-तारा असतात, म्हणजे त्याला १०,४८,५७६ घरे दिसतात. वीज आली की तो शेवटून सोळाव्या घरात जातो. त्या घराचा सोळा-आधारी पत्ता ‘एफएफएफएफ:००००’. तिथे फक्त एक उडी लिहिलेली असते, जी बायोसच्या खऱ्या सुरुवातीकडे नेते. उडीचे पाच बाइट, आणि लगेच पुढे त्या बायोसची तारीख. आयबीएमच्या पहिल्या पीसीत ती तारीख २४ एप्रिल १९८१ अशी आहे. नंतरचे सगळे प्रोसेसर मोठे झाले, पण डॉससाठी हा पत्ता तसाच राहिला.

म्हणजे प्रोग्रामला करायचे काय, तर त्या पत्त्यावर उडी मारायची. डॉसबरोबर ‘डीबग’ नावाचे एक हत्यार फुकट मिळत असे. त्यात ‘ए’ लिहून ‘जेएमपी एफएफएफएफ:००००’ ही एक ओळ टाकली. ‘सीएक्स’मध्ये पाच हा आकडा भरला, कारण फाइल पाच बाइटांची होणार होती. नाव दिले ‘रीबूट.कॉम’. ‘डब्ल्यू’ म्हणजे लिही, ‘क्यू’ म्हणजे बाहेर पड. बाइट कोणते, तर ईए, शून्य शून्य, शून्य शून्य, एफएफ, एफएफ. पहिल्यांदा नाव टाइप करून एंटर दाबले, पडदा काळा झाला आणि मशीन नव्याने सुरू झाले, तेव्हा आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

दोघांनी म्हणतो आहे, कारण माझ्याबरोबर नेहमी आणखी एक जण असे. त्याचे नाव इथे देत नाही. वर्गातल्यांना ते सांगावे लागणार नाही. मेमरीची तपासणी टाळायची युक्तीही त्यानेच पुस्तकातून शोधली. उडी मारण्याआधी मेमरीतल्या ४७२ या सोळा-आधारी घरात १२३४ ही खूण ठेवायची. बायोस उठल्यावर तिथे पाहतो आणि ही खूण दिसली की तपासणी वगळतो. ब्रॅडलींच्या तीन कळाही हेच करत. ही भर घातली की प्रोग्राम बरोबर सोळा बाइटांचा होतो. मी म्हणालो, पाचाचाच बरा, पाठ राहतो.

त्याची एक सवय मला कंटाळवाणी वाटायची. मशीनच्या पुढच्या बाजूला हार्ड डिस्कचा लाल दिवा होता. तो विझल्याशिवाय हा कशालाही हात लावत नसे. एकदा तो मला म्हणाला, ‘‘अरे, बघितलंस का? फाइल सेव्ह केली, बाहेर पडलो, प्रॉम्प्ट आला. दिवा विझला. आणि मग तीन-चार सेकंदांनी परत लुकलुकतो. आपण तर काहीच केलं नाही, मग आता तो काय लिहितोय?’’ मी म्हणालो, ‘‘दिवाच तो, लुकलुकणारच.’’

त्या ऑक्टोबरात सहामाहीचे गुण पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर भरायचे ठरले. बाई तीन संध्याकाळी बसल्या. पहिल्या दोन संध्याकाळी काम संपल्यावर मी जाऊन मशीन पुन्हा सुरू करून दिले. तिसऱ्या दिवशी मला क्रिकेटची मॅच होती. म्हणून मी ‘निकाल.बॅट’ नावाची फाइल करून ठेवली. आधी देवनागरीचा प्रोग्राम, मग गुणांचा तक्ता, आणि बाई तक्त्यातून बाहेर पडल्या की लगेच रीबूट. बाईंना फक्त ‘निकाल’ टाइप करायचे होते. त्यांनी माझी पाठ थोपटली.

त्या संध्याकाळी बाई तक्ता सेव्ह करून बाहेर पडल्या, मशीन आपोआप पुन्हा सुरू झाले, आणि त्या घरी गेल्या. मग सरांच्या परवानगीने तो पंधरा मिनिटे बेसिकचा सराव करायला बसला. सकाळी तक्ता उघडेना. चारही तुकड्यांचे गुण गेले होते. फ्लॉपीवर प्रत घेतलेली नव्हती.

‘‘शेवटी मशीनवर कोण बसलं होतं?’’ एवढाच प्रश्न विचारला गेला. त्याचे उत्तर एकच होते. त्याच्या वडिलांना शाळेत बोलावले. कॉम्प्युटरची खोली त्याला वर्षअखेरपर्यंत बंद झाली. बाईंनी कागदावरचे गुण पुन्हा भरले, दोन दिवस रात्री आठपर्यंत बसून. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ग्रंथालयाच्या पुस्तकांची यादी ठेवणारा प्रोग्राम मांडायचा होता. त्यातला निम्म्याहून अधिक भाग त्याने लिहिलेला होता. तो मांडायला मी एकटा गेलो. प्रशस्तिपत्रकावर माझे नाव आहे.

तेव्हा मला काही ठाऊक नव्हते, हे खरे आहे. पण पुढे ठाऊक झाले, हेही तितकेच खरे आहे. १९९८ मध्ये इंजिनीअरिंगच्या वसतिगृहात एका जुन्या मशीनवर डॉसची मदत-पाने वाचत होतो. तिथे ‘स्मार्टड्राइव्ह’ हे पान लागले. डिस्क मेमरीच्या तुलनेत फार हळू चालते, म्हणून हा प्रोग्राम डिस्कवरचा मजकूर मेमरीत साठवून ठेवतो. डॉस ६.० मध्ये तो लेखनही रोखून ठेवत असे. तुम्ही सेव्ह म्हणता, तो ‘झाले’ म्हणतो आणि लगेच प्रॉम्प्ट देतो. प्रत्यक्ष डिस्कवर मात्र तो मजकूर सवडीने, पाच सेकंदांपर्यंतच्या उशिराने उतरतो. किराणा दुकानदाराने पैसे घेऊन गल्ल्यात टाकावेत आणि वहीत मात्र गिऱ्हाईक गेल्यावर लिहावे, तसा हा प्रकार.

पुढचे वाक्य मी दोनदा वाचले. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबले तर स्मार्टड्राइव्ह आधी राहिलेले लेखन पूर्ण करतो. रीसेटचे बटण दाबले किंवा वीज बंद केली तर मात्र त्याला ती संधी मिळत नाही. त्या तीन कळा कीबोर्डमार्फत जातात, वाटेत स्मार्टड्राइव्ह कान लावून बसलेला असतो. माझे पाच बाइट कीबोर्डाच्या वाटेने जातच नव्हते. ते थेट शेवटून सोळाव्या घरात उडी मारत. त्यांनी कुणालाच विचारले नव्हते. पहिल्या दोन संध्याकाळी मी स्वतः तीन कळा दाबल्या, म्हणून तक्ता वाचला. तिसऱ्या संध्याकाळी बाई बाहेर पडल्याच्या दुसऱ्याच क्षणी रीबूट झाले, आणि तक्त्याचा काही भाग डिस्कवर, काही मेमरीत, असे असतानाच मेमरी गेली. तो दिवा प्रॉम्प्टनंतर लुकलुकायचा तो याचसाठी. ‘निकाल.बॅट’मध्ये रीबूटच्या आधी ‘स्मार्टड्राइव्ह /सी’ एवढी एक ओळ असती तर राहिलेले सगळे लेखन आधी उतरले असते.

या चुकीत मी एकटा नव्हतो. डॉस ६.० वापरणाऱ्या अनेकांचा मजकूर असाच गेला आणि बऱ्याच तक्रारी झाल्या. १९९३ च्या अखेरीस आलेल्या ६.२ या आवृत्तीत राहिलेले लेखन उतरल्याशिवाय प्रॉम्प्टच न दाखवण्याची व्यवस्था झाली. युनिक्सवाल्यांना हे दुखणे त्याआधीपासून माहीत होते. मशीन बंद करण्यापूर्वी ‘सिंक’ हा शब्द एकाखाली एक तीनदा टाइप करायचा, अशी त्यांच्यात रीत होती. एकदा टाइप केले तरी काम होते. उरलेल्या दोन वेळा टाइप करण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात डिस्कला लिहून संपवायला सवड मिळते, असे जुने लोक सांगत.

पुन्हा सुरू करण्याचा प्रोग्राम त्यानंतरही लिहिला जात राहिला. १९८४ च्या आयबीएम ‘एटी’मध्ये प्रोसेसरला पुन्हा सुरू करण्याची तार कीबोर्डाच्या चिपला जोडलेली होती. २८६ प्रोसेसर एकदा ‘प्रोटेक्टेड मोड’मध्ये शिरला की पुन्हा सुरू केल्याशिवाय त्याला साध्या मोडमध्ये परतता येत नसे, म्हणून ही सोय. त्या चिपला एक आज्ञा पाठवली की मशीन पुन्हा सुरू होते. तो प्रोग्राम तर चारच बाइटांचा आहे, माझ्याहून एकाने लहान. लिनक्समध्ये मात्र उलटी खबरदारी घेतली आहे. तिथे मशीन पुन्हा सुरू करण्याची आज्ञा द्यायची, तर सोबत दोन ठरावीक खुणेचे आकडे द्यावे लागतात. चुकून कुणी हे करू नये हा हेतू. त्यांतला दुसरा आकडा सोळा-आधारी पद्धतीने वाचला तर २८ डिसेंबर १९६९, म्हणजे लिनस टोरवाल्ड्स यांची जन्मतारीख निघते. आणि त्या आज्ञेच्या माहितीत स्पष्ट लिहिलेले आहे की आधी ‘सिंक’ केले नाही तर मजकूर जाईल. आज आपण फोनवर ‘रीस्टार्ट’ दाबतो, तेव्हा आतले प्रोग्राम एकेक करून आवरते घेतात, डिस्कवर लिहायचे ते लिहून होते, आणि मगच ती उडी मारली जाते. आपल्याला वाट पाहायला लागते ती उडीसाठी नाही, या आवराआवरीसाठी.

१९९८ मध्ये ते पान वाचल्यावर मी त्याला पत्र लिहायला हवे होते. लिहिले नाही. आधी वाटले, इतक्या वर्षांनी कशाला. पुढे तेच कारण वर्षागणिक आणखी मोठे होत गेले. सर २०११ मध्ये गेले, त्यांना सांगायचे राहिले ते राहिलेच.

या लेखाचे काम आले तेव्हा मी मे महिन्यात त्याच्या घरी गेलो. दहावीनंतर तो कॉमर्सला गेला होता आणि कॉम्प्युटरचे नाव त्याने पुन्हा काढले नव्हते, हे मला ऐकून माहीत होते. मी सगळे सांगितले, अगदी ‘निकाल.बॅट’च्या ओळींसकट. तो बराच वेळ काही बोलला नाही. वहिनी चहा ठेवून गेल्या. मग त्याने विचारले, ‘‘म्हणजे तो दिवा परत लुकलुकायचा, ते त्याच्यासाठी होतं?’’ मी हो म्हणालो. तो म्हणाला, ‘‘मग मी बरोबर बघत होतो.’’

थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘‘आमचे बाबा गेले. त्यांना शेवटपर्यंत वाटायचं, मीच काहीतरी केलं असणार.’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि अजून नाही.

हे स्मरणिकेत छापू का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, छाप, पण माझे नाव नको. बाईंना कळू दे म्हणजे झाले.

तर बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसून हे वाचत असाल. १९९३ च्या सहामाहीचा तक्ता त्याने पुसला नव्हता. तो माझ्या पाच बाइटांनी गेला. विज्ञान प्रदर्शनाचे प्रशस्तिपत्रक मी त्या दिवशी त्याच्या घरी ठेवून आलो आहे. त्यावर नाव माझेच आहे, ते आता बदलता येत नाही. पण शाळेच्या इतिहासात हे एवढे दुरुस्त करून घ्यावे, ही विनंती.